वेस, चक्की आणि रांजण



प्रतीक म्हटले की डोळ्यांपुढे ध्वज येतो, कलश येतो, गाभाऱ्यातील मूर्ती येते. परंतु प्रतीके केवळ देवालयातच असतात असे नाही. ज्या रस्त्याने माणूस रोज कामाला जातो, त्या रस्त्यावरही ती उभी असतात. नित्याच्या सहवासाने दृष्टी बोथट होते आणि ती दिसेनाशी होतात, एवढेच. छत्रपती संभाजीनगरातील अशा तीन दृश्यांपाशी आज क्षणभर थांबावयाचे आहे.

पहिले दृश्य वेशीचे. या नगराला बावन्न दरवाजांचे शहर म्हणण्याची रूढी आहे. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली उभारला. नगराभोवतीचा तट मात्र औरंगजेबाने १६८२ मध्ये मराठ्यांच्या चढायांच्या धास्तीने बांधून घेतला. आज काय दिसते? तट बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आहे, अनेक दरवाजे मात्र उभे आहेत. कमानीखालून शाळेची रिक्षा जाते, भाजीची हातगाडी जाते. आणि दरवाजांची नावे पाहा : दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा. दरवाजाला नाव लाभले ते आतल्या वाड्याचे नव्हे, बाहेरच्या वाटेचे. भयापोटी घातलेली भिंत काळाने पाडली आणि माणसांना जोडणारी वाट तेवढी राखली.

दुसरे दृश्य खाम नदीकाठच्या पाणचक्कीचे. सहलीला आलेली मुले तेथे हौदातील मासे पाहतात आणि परततात. त्या हौदात उंच भिंतीवरून कोसळणारे पाणी कोठून येते? उत्तरेकडील डोंगरातील झऱ्यापासून, जमिनीखालच्या खापरी नळांतून, केवळ उताराच्या बळावर. त्या पाण्याच्या वेगाने जाते फिरे आणि तेथे उतरणाऱ्या फकिरांसाठी व वाटसरूंसाठी धान्य दळले जाई. भूमिगत पाण्याची ही विद्या या नगराला दिली मलिक अंबरने. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी १६१० साली खडकी वसवतो आणि नगर वसवताना आधी पाण्याचा विचार करतो. १६२६ मध्ये तो निवर्तला. त्याच्या नहरी त्यानंतर शतकानुशतके लोकांची तहान भागवीत राहिल्या. जमिनीखाली वाहणारे, कोणाच्या दृष्टीस न पडणारे आणि तरीही जाते फिरवणारे पाणी : निरपेक्ष सेवेचे याहून बोलके प्रतीक कोणते?

तिसरे दृश्य अधिक परिचयाचे. वस्तीत घरापुढे मांडलेले निळे ड्रम. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या नाथसागरातून या नगराला पाणी येते. धरण सखल भागात, नगर त्याहून शंभरावर मीटर उंचावर. म्हणजे प्रत्येक थेंब विजेच्या बळाने चढवावा लागतो. वर्षानुवर्षे येथील नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. त्या दिवशी गृहिणी पहाटे उठून वाट पाहते, आणि पाणी येताच एखाद्या घरातून मोटारीची घरघर ऐकू येते. नळाला मोटार जोडलेली असते. या घरची टाकी भरते, शेजारच्या म्हातारीचा नळ नुसता फुसफुसतो.

आता पैठण दरवाजातून थेट पैठणास जाऊ. तेथे संत एकनाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने साक्षात भगवंताने कावडीने पाणी वाहून तो भरला, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात घागरी ओततात. रांजण कोणाच्या घागरीने भरला, हे कोणी आधी सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक जण तितक्याच भक्तिभावाने ओततो. रामेश्वराच्या अभिषेकासाठी काशीहून आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणारे नाथ ते हेच. ज्या गावी हा संस्कार घडला, त्याच गावच्या जलाशयाचे पाणी संभाजीनगरच्या नळांना येते, हा योगायोग अंतर्मुख करणारा आहे.

रांजण आणि मोटार. एकात माणूस आपले पाणी सर्वांच्या पात्रात ओततो. दुसरीत सर्वांचे पाणी आपल्या पात्रात ओढतो. वर्षातून एकदा पैठणला जाऊन घागर ओतणारा हातच घरी येऊन मोटारीची कळ दाबत असेल, तर त्या घागरीचा अर्थ काय उरला? नव्या जलवाहिन्या शासन टाकील, ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु पाणी वाटून घेण्याची वृत्ती कोणत्याही जलवाहिनीतून येत नाही. ती घराघरांतच जोपासावी लागते.

प्रतीकाला नमस्कार करणे सोपे असते. त्याप्रमाणे वागणे कठीण. पुढच्या वेळी नळाला पाणी येईल तेव्हा आपला ड्रम भरल्यावर शेजारच्या दाराकडे एकदा पाहावे. तेथील घागर रिकामी असेल, तर नाथांचा रांजणही अजून भरलेला नाही असे समजावे.