पुण्याहून काय न्यायचं? (बाकरवडी सोडून)

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ना' जमतील तेवढे काढलेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की बाहेरगावचं कुणी आलं किंवा आपण बाहेर निघालो, तर पुण्याची आठवण म्हणून द्यायचं काय? खायच्या गोष्टींची यादी सगळ्यांना पाठ आहे. बाकरवडी, आंबाबर्फी, कॅम्पातली श्रूजबेरी बिस्किटं. त्यात वाईट काही नाही, पण आठवड्यात डबा रिकामा होतो. टिकणारं काय?

तर आज मी माझी एक फजिती सांगणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मी कामासाठी तीन महिने जर्मनीला होतो. जाताना तिथल्या सहकाऱ्यासाठी एका मॉलमधल्या चकाचक दुकानातून तांब्याची बाटली घेतली. अंगावर ठोक्यांची नक्षी आणि गळ्यात कागदी लेबल, 'पारंपरिक हस्तकला'. पहिल्याच दिवशी मोठ्या रुबाबात दिली. वर सांगितलं, की आमच्या पुण्यात शेकडो वर्षं अशी भांडी हाताने ठोकतात.

आता हा माणूस टेस्टिंगमध्ये आहे. टेस्टिंगवाल्याला भेटवस्तू देताना जपून द्यावी. त्याने बाटली हातात फिरवली, पुन्हा फिरवली, आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "हाताने ठोकलंय तर हे सगळे ठसे सारखे कसे? ही ओळ इथे संपते आणि तीच परत सुरू होते."

मी बघितलं. खरंच की! वॉलपेपरचं डिझाइन जसं पुन्हा पुन्हा येतं, तसं होतं ते. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, "ही बनवली कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पुण्यात इतकी वर्षं राहून, शनिवारवाड्यासमोरून हजार वेळा जाऊन, मी तांबट आळीत एकदाही पाय ठेवला नव्हता. नाव ऐकून होतो, तेवढंच.

परत आल्यावर एका शनिवारी गेलो. २०२४ च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रो कसबा पेठेपर्यंत येते, त्यामुळे 'पार्किंग मिळत नाही' हे कारण आता चालत नाही. स्टेशनातून वर आलात की कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि परत फिरतात. मीही फिरलो असतो, पण मला आवाज आला.

तांबट आळी डोळ्यांनी शोधू नका, कानांनी शोधा. टण् टण् टण्. मधेच दोन हातोड्यांचा ताल जुळतो, मधेच फिसकटतो. दुकान म्हणावं असं फारसं काही दिसत नाही. घराच्या खालच्या खोलीत कारखाना, दारात तांब्याचे पत्रे, आत एक माणूस जमिनीवर बसलेला. काचेचं कपाट नाही, एसी नाही, किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत. मी दारात दोन मिनिटं उभा होतो. आत जावं की नाही तेच कळेना, कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं.

"काका, येऊ का?" उत्तर नाही. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा त्यांनी मान वर केली. "जरा मोठ्यांदा बोल रे. चाळीस वर्षं हेच ऐकतोय, बाकी ऐकू येत नाही फारसं." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी बाटलीचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला सुद्धा नाही. "डायचा माल आहे. वाईट नाही, पाणी राहील त्यात." आणि परत हातोडा.

मग मी बसलोच. तासभर तरी.

ही तांबट मंडळी, म्हणजे त्वष्टा कासार समाज, पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात आली. राजधानीच्या गावाला भांडी लागायची. हंडे, कळश्या, घागरी, तपेली, बंब. त्यांनी कसबा पेठेत वस्ती केली आणि ते काम अजून त्याच जागी चालू आहे. शनिवारवाड्याचं बांधकाम १७३२ मध्ये पुरं झालं, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, आज तिकीट काढून आपण दरवाजा, तटबंदी आणि जोती बघतो. आणि तिथून थोड्या अंतरावर, बिनतिकिटाचं, त्याच काळातलं एक काम रोज सकाळी सुरू होतं. ते बघायला आपण जात नाही. मी आपण म्हणतोय, पण आधी मी.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त मजा तिथेच आली. पत्रा कापायचा, आकार द्यायचा, जोड द्यायचा. तापवला की तांबं मऊ पडतं आणि काळपट होतं, मग ते अ‍ॅसिडने, चिंचेने साफ करायचं. आणि मग मठार. म्हणजे जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं धरायचं आणि बाहेरून हातोडा मारायचा, एकाला एक लागून, ओळीने. हातोड्याचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं, म्हणून प्रत्येक ठोका चमकतो. त्यावर ओरखडा असला, तर तोच ओरखडा भांड्यावर दोनशे वेळा उमटेल.

माझं बीटेक मेकॅनिकलचं. हो, मेकॅनिकल करून मी जावा लिहितो, हसू नका, माझी अर्धी बॅच तेच करते. तर आम्हाला 'वर्क हार्डनिंग' नावाचा एक भाग होता. धातूवर मार पडला की आतली रचना विस्कटते, थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, धातू कडक होतो. तापवलं की परत मऊ होतो, ते 'अ‍ॅनिलिंग'. हे मी पाच मार्कांना लिहिलेलं आहे. पण त्याचा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. मऊ पत्र्यावरचा ठोका बद्द वाजतो आणि कडक होत जातो तसा आवाज चढतो. काकांना तो ऐकू येत नसणार. "हाताला कळतं," म्हणाले.

म्हणजे ते ठसे नक्षी नाहीतच मुळी! पातळ पत्र्याचं भांडं भरल्यावर दबू नये, म्हणून ते आहेत. मशिनवाल्यांनी त्यातली फक्त नक्षी उचलली.

मी एका तांब्याचे ठोके मोजायला लागलो. दोनशेच्या पुढे सोडून दिलं.

मग काकांनी विचारलं, "घरात जुनं काही आहे का?"

आहे म्हणजे, होतं. कराडला आजीकडे बंब होता. मधे धुराचं नळकांडं, त्यात शेण्या आणि बंबफोड, भोवती पाणी, खाली तोटी. दिवाळीच्या पहाटे त्याच्याजवळ बसायला आमची भांडणं व्हायची. आजी गेल्यावर गिझर आला आणि बंब मोडीत निघाला. मोडीत म्हणजे शब्दशः मोडीत, वजनावर. मीच रिक्षात घालून दिला होता तो. कॉलेजात होतो, आलेल्या पैशांतून मोबाइल घेतला. तो मोबाइल दीड वर्ष चालला.

हे सगळं मी काकांना ओरडून सांगितलं, कारण हळू बोलून उपयोग नव्हता. असली कबुली ओरडून द्यायला लागली की फार विचित्र वाटतं. ते म्हणाले, "सगळेच देतात. त्या मोडीचंच पुढे नवं होतं. बंब करायला मात्र आता कोणी सांगत नाही. सांगितलंच तर हॉटेलवाला, कोपऱ्यात शोभेला ठेवायला."

यानंतर मी जे केलं त्याची मला जरा लाज वाटते. मला वाटलं, आपण यांच्यासाठी काहीतरी करू. ऑफिसात दिवाळीच्या भेटवस्तूंचा विषय चालू होताच. मी म्हटलं, "काका, साठ तांबे लागतील. सगळे एकसारखे, वर कंपनीचा लोगो. तीन आठवड्यांत. आणि एवढे घेतोय तर रेट थोडा खाली."

काकांनी हातोडा ठेवला. "एकसारखे पाहिजेत?"

"हो."

"मग मॉलमध्ये मिळतात की."

रागावले नव्हते, खरंच पत्ता देत होते. मग शांतपणे हिशोब सांगितला. तांब्याचा भाव वजनावर, तो त्यांच्या हातात नाही. राहिली मजुरी. रेट खाली म्हणजे ठोके कमी, एवढंच त्याचं गणित. मॅनेजर माझी डेडलाईन अर्धी करतो तेव्हा मी घरी येऊन कितीतरी बडबडतो. इथे मी तेच करत होतो, वर उपकार केल्याच्या थाटात.

इथे एक बाजू मला मांडायची आहे. हल्ली काही डिझायनर मंडळी या कारागिरांबरोबर काम करतात, मठाराचे दिवे, ट्रे, वाडगे करून घेतात, मोठ्या शहरांत विकतात. 'परंपरा बाटली' म्हणून नाकं मुरडणारे असतात. मला ते पटत नाही. हंडा-कळशी स्टीलने आणि प्लॅस्टिकने खाल्ली, मग हाताला काम कुठून येणार? दिवा तर दिवा. फक्त ठोका खरा असावा आणि त्याची मजुरी खऱ्याला मिळावी.

मी एक तांब्या घेतला. एकच. घासाघीस केली नाही.

खरा-खोटा ओळखायचा कसा, हे विचाराल म्हणून सांगतो. ठसे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, गळ्यापाशी ओळ वळते तिथे कारागिराची कसरत दिसते. आतून अंगठा फिरवा. आणि नवं भांडं महिनाभर वापरूनही तसंच झगझगीत राहिलं, तर वर लॅकर मारलंय. उघडं तांबं काळवंडतंच. त्यात ताक, लिंबू, लोणचं ठेवायचं नाही, आंबटाने तांबं उतरतं. स्वयंपाकाला वापरायचं तर आतून कल्हई हवी. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला, म्हणून भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाने आतून फिरवता येतं आणि भांड्याला काही होत नाही. लहानपणी कल्हईवाला यायचा तेव्हा हा जादूचा प्रयोग वाटायचा.

त्या नादात पुढचे चार शनिवार पेठांमध्ये गेले. बुरूड आळीत सूप आणि परड्या बघितल्या, एक रोवळी घेतली, आता तिच्यात आमचे चार्जर असतात (आईला हे आवडलेलं नाही). तुळशीबागेत पितळी भातुकली मिळते, बोटाएवढी कढई, झारा, जातं. परदेशी न्यायला याहून हलकं आणि याहून आपलं काही मला सुचत नाही. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मात्र मी पुरता फसलो. 'ब्रिटिशांच्या वेळचं' म्हणून होकायंत्र घेतलं. ते उत्तर सोडून सगळं दाखवतं. तिथे कुलपं, हत्यारं, अडकित्ते बघा. इतिहास विकत घ्यायला जाऊ नका.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसली. यातलं कुणीच आठवणीची वस्तू म्हणून काही विकत नव्हतं. सूप पाखडायला होतं, परडी फुलांना होती. गिऱ्हाईक शेजारच्या पेठेतलंच, आणि ते पुढच्या वर्षी परत येणार म्हणून माल चोख. आपल्यासारखा एकदाच येणारा माणूस तिथे पाहुणा. मग पाहुण्यासारखं वागावं. आधी विचारावं, मग कॅमेरा काढावा. दुपारी एक ते चार जाऊ नये. हा विनोद नाही, माणसं जेवतात.

तो तांब्या जर्मनीला गेला. महिन्याने फोटो आला, सोबत बग रिपोर्ट लिहावा तसा मेसेज. 'भांड्याचा रंग बदलला आहे. दोष आहे का?' मी लिहिलं, दोष नाही, चिंच आणि मीठ लाव. चिंच मिळाली नाही, त्याने लिंबू-मीठ लावलं आणि आधीचा-नंतरचा असे दोन फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, की मी ठसे तपासले, एकही दुसऱ्यासारखा नाही. आणि परत तोच प्रश्न, बनवला कुणी? या वेळी मी नाव लिहून पाठवलं. इथे घेत नाही, त्यांना विचारलेलं नाही म्हणून.

गेल्या महिन्यात आईला घेऊन गेलो होतो. बंब गेला, पण आजीची एक कळशी माळ्यावर सापडली, बुडाला भोक पडलेली. काकांनी ती उजेडाकडे धरून भोकातून बघितलं. आईने विचारलं, "किती दिवस लागतील हो?" काका म्हणाले, "बघू." पुठ्ठ्याच्या तुकड्यावर माझा मोबाइल नंबर लिहिला, कळशीत टाकला, आणि कळशी कोपऱ्यातल्या पाच-सहा कळश्यांच्या रांगेत ठेवून दिली.

पाच आठवडे झाले. आई रोज विचारते, फोन केलास का. मी नाही करत. केला तरी त्यांना ऐकू येणार नाही. येत्या शनिवारी जाऊनच येईन.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात अशी एखादी आळी असेल तर कळवा, कोल्हापूर, पैठण, सावंतवाडी, कुठलीही. भेटू पुढच्या भागात.