पळणारीलाही टाळी

आम्ही आष्टीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्याकडं पोरींचा खो-खो झाला, की जिनं जास्त गडी बाद केले तिचंच कौतुक. चार मिनिटं पळून, धापा टाकत घरी आलेल्या पोरीला विचारतात, "तू किती बाद केलेस?" ती काय सांगणार? एकीनं तर खेळच सोडायचं काढलं होतं.

१९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत झाली. कर्णधार आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली, प्रियंका इंगळे. आपल्या पोरींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. तिथं तिघींची तुकडी बराच वेळ टिकली, तर पळण्याचेही गुण होते. शेवटच्या डावात चैत्राच्या तुकडीनं पाच मिनिटांहून जास्त हुलकावण्या दिल्या. ७३चे ७८ झाले. पाचच गुण म्हणाल, पण नेपाळचा तेवढा वेळ त्या तिघींमागं धावण्यातच गेला!

म्हणून यंदा आमच्या गटाची बक्षिसं दोन आहेत. एक बाद करणारीला, एक पळणारीला. वेळ मोजायला दोघीजणी हव्यात. मोबाइलचं घड्याळ चालेल.