शिनाणे आणि बाजरीची भाकरी

मी पुणतांब्याहून बोलतेय, बचत गटाचं काम बघते. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि वहीखातं यावर बोलते. आज मात्र आपल्या भागात सहसा न होणाऱ्या एका पदार्थावर बोलणार आहे, तो म्हणजे शिनाणे. समुद्रातल्या खडकांना चिकटून वाढणारे, हिरवट-काळ्या कवचाचे हे लांबट शिंपले.

माझी धाकटी जाऊ मालवणकडची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही गटातल्या बायका बसलो होतो. प्रत्येकीने माहेरचा आवडता पदार्थ सांगायचा, असा खेळ चालला होता. तिची पाळी आली. "शिनाण्यांचं सुकं," एवढं म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. लग्नाला सहा वर्षं झालीत. सहा वर्षं आम्ही दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करतोय, आणि मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या सासूबाई माळकरी. चांगदेव महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. घरात मासळी शिजत नाही. मी भीत भीतच विषय काढला. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "परसात चूल मांडा, भांडं वेगळं ठेवा. भाकऱ्या मी थापते. भाकरीला काय होतंय?"

जाऊबाईंचा भाऊ मालवणहून रात्रीच्या गाडीने पुण्याला आणि तिथून रेल्वेने पुणतांब्याला आला. शिनाणे त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळले होते, खाली बर्फ, मधे फळी. बर्फाचं पाणी वेगळं निथळत होतं. बंद पिशवीत ते गुदमरतात आणि गोड्या पाण्यात बुडवून ठेवले तरी मरतात.

आता लक्ष देऊन ऐका. शिनाणे जिवंत असतानाच शिजवायचे. जिवंत शिंपला घट्ट मिटलेला असतो. थोडा उघडा दिसला तर दुसऱ्या शिंपल्याने टकटक करायचं. मिटला तर जिवंत. मिटला नाही, कवच फुटलेलं असलं किंवा घाण वास आला, तर सरळ फेकायचा. आमच्या दोन किलोंत दहा-बारा तसे निघाले. दीर म्हणाले, "एवढ्या लांबून आणलेत, धुऊन टाका ना त्यातच." मी ऐकलं नाही. मेलेला शिंपला लवकर नासतो, आणि पंगतीला लहान मुलं होती.

मग काथ्याने कवचं घासायची. कडेला दोऱ्यांचा झुबका असतो, तिकडे त्याला दाढी म्हणतात. ती ओढून काढायची. पातेल्यात वाटीभर पाणी उकळायचं, शिनाणे टाकून झाकण ठेवायचं. पुन्हा उकळी आल्यावर पाच-सहा मिनिटांत कवचं उघडतात. जे उघडत नाहीत, तेही फेकायचे. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून ठेवा, वाळू खाली राहते. हे पाणी खारट असतं, म्हणून मीठ अगदी शेवटी, चव बघूनच.

दोन किलोंतून मांस निघालं जेमतेम अर्धा किलो. तेलात दोन कांदे लाल केले, आलं-लसूण, हळद, तिने माहेरून आणलेला मालवणी मसाला, मग मांस आणि ते गाळलेलं पाणी. चार आमसुलं, वरून वाटीभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. दहा मिनिटांत झालं. फार शिजवलं तर चिवट होतं. त्यात प्रथिनं आणि लोह भरपूर. पण पहिल्यांदाच खात असाल तर एक-दोनच खाऊन बघा. अंगाला खाज सुटली, ओठ सुजले किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठा.

माझा मुलगा म्हणाला, "आई, गोदावरीत पण शिंपले आहेत की!" आहेत, पण ते खायचे नाहीत. शिंपला पाणी गाळून जगतो. नदीत सांडपाणी मिसळतं, त्यातलं नको ते त्याच्या अंगात साठतं आणि शिजवूनही सगळं जात नाही. समुद्रातलेसुद्धा स्वच्छ पाण्यातलेच घ्यायचे.

गटातल्या बायकांसाठी आणखी एक गोष्ट. केरळात कासरगोड भागात बचत गटांच्या बायका खाडीत दोर सोडून त्यावर शिनाणे वाढवतात. पाच-सहा महिन्यांत माल विक्रीला येतो. आपल्या कोकणातही कांदळवन कक्षाच्या योजनेतून गट शिंपले आणि कालवं पाळतात. आपल्याकडे शेळ्या-कोंबड्या, त्यांच्याकडे शिंपले. हिशेबाची वही दोन्हीकडे सारखीच.

त्या रात्री परसात पंगत बसली. सासूबाई पिठलं घेऊन जरा बाजूला बसल्या, पण गरम भाकरी प्रत्येकाच्या ताटात त्यांच्याच हातची. जाऊबाईंनी पहिला घास घेतला आणि खाली मान घालून जेवत राहिल्या. सासूबाईंनी न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "सावकाश जेव. पुढच्या थंडीत परत आणू."

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही कुणीतरी दुसऱ्या गावाहून आलेली असेल. तिला काय आठवतं, एकदा विचारून बघा.