मांडवातला फोटोवाला
(नभोवाणीवरील भाषण)



लग्नकार्यास ज्यांच्यावाचून चालत नाही अशांची यादी करावयास बसले, तर भटजी, आचारी, वाजंत्री, मांडववाला आणि फोटोवाला अशी पाच नावे ओळीने निघतात. भटजींवर आणि आचाऱ्यांवर आपल्याकडे विनोद मुबलक आहेत. फोटोवाल्याची मात्र कोणी फारशी दखल घेतलेली नाही. त्याच्याविषयी चौकशी होते ती एवढीच, की कॅमेरा कोणता आणि पैसे किती. तो माणसांशी बोलतो कसा, हे कोणी विचारीत नाही. आणि माझ्या मते विचारण्याजोगी गोष्ट तीच आहे. मी स्वतः कॅमेरा कधी चालविलेला नाही. परंतु शाळेत असताना दरवर्षी वर्गाचा फोटो निघे, आणि साठ मुलांना उंचीप्रमाणे उभे करून, कोणाचे मन न दुखविता, अर्ध्या मिनिटापुरते गप्प ठेवणे म्हणजे काय हे मला पुरते ठाऊक आहे. शिवाय माझा एक जुना विद्यार्थी आमच्या परतवाड्यात हाच धंदा करतो. त्याचे नाव मी सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही.

परतवाडा म्हणजे अचलपूरच्या शेजारची जुनी लष्करी छावणी. पुढे ती लाकडाची मोठी बाजारपेठ झाली. येथूनच चिखलदऱ्याचा घाट चढावयाचा आणि मेळघाटात शिरावयाचे. अशा गावच्या फोटोवाल्यास लग्नसराईत नाना घरी जावे लागते. आज संत्र्याच्या बागेशेजारी घातलेल्या मांडवात कुणब्याचे लग्न, उद्या अचलपुरात निकाह, परवा बौद्ध कुटुंबातील मंगल परिणय, आणि त्यानंतर घाटावरच्या एखाद्या कोरकू गावी. प्रत्येक घरची रीत निराळी. निकाहाच्या वेळी वधू बहुधा निराळ्या दालनात असते आणि तिची संमती वकील व साक्षीदार विचारून येतात. तेथे यजमानांच्या परवानगीवाचून पाऊल टाकावयाचे नसते. बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशील सुरू झाले की विधी पाहता पाहता आटोपतो. तेथे सप्तपदीची वाट पाहत बसणारा फोटोवाला हात चोळीत परत येतो. हे ज्ञान कोणत्याही कॅमेऱ्याबरोबर मिळत नाही. ते घरोघर बसून, विचारून मिळवावे लागते.

ही अडचण आजची नव्हे. छायाचित्राची कला 1839 साली युरोपात जाहीर झाली. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. त्या काळी रसायनांइतकीच माणसेही अवघड होती. समोरच्याने कित्येक सेकंद हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावीत. त्यातच, फोटो काढला की आयुष्य कमी होते अशी समजूत. अशा माणसास खुर्चीवर बसविणे म्हणजे निम्मी लढाई. स्त्रियांच्या बाबतीत तर प्रश्न याहून बिकट होता. खानदानी घरच्या स्त्रिया परपुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे बसणार कशा? निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी यावर जो तोड काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी 1892 साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. आमचा वऱ्हाड त्या वेळी कागदोपत्री निजामाचाच मुलूख होता, कारभार तेवढा इंग्रजांचा; म्हणून ही गोष्ट मला परक्या गावची वाटत नाही. आजही हळदीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात तरुण पुरुष कॅमेरा घेऊन शिरला की हसणे-खिदळणे एकदम थांबते. माझ्या विद्यार्थ्याने त्यासाठी आपल्या धाकट्या बहिणीस हे काम शिकविले आहे. हळदीचे फोटो तीच काढते, आणि अल्बम चाळणाऱ्या बाया सर्वांत जास्त वेळ त्याच पानांवर थांबतात असे तो सांगतो.

आता त्याची पद्धत सांगतो. लग्नाच्या दोन दिवस आधी तो यजमानाच्या घरी जाऊन चहा घेऊन येतो. कॅमेरा नेत नाही. त्या वेळी तो तीन गोष्टींचा शोध घेतो. घरात वडील माणूस कोण. गेल्या वर्षा-दोन वर्षांत घरातून कोणी गेले आहे काय. आणि कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे. पहिल्या दोन गोष्टी तो यजमानासच विचारतो. तिसरी मात्र यजमानास विचारून उपयोग नसतो, कारण त्याच्या मते घरात सारे आलबेल असते. ती तो घरातल्या एखाद्या दहा वर्षांच्या पोरास गोळी देऊन विचारतो. "मोठे बाबा अन् मामाजी एका पंगतीत बसत नाहीत," असे पोराने सांगितले की त्याने ओळखावे, या दोघांस एका फोटोत घ्यावयाचे तर मध्ये आजीची खुर्ची हवी.

आमच्या वऱ्हाडात जावयाचा मान मोठा आणि रुसवा त्याहून मोठा. असाच एक जावई मांडवाबाहेर कडुनिंबाखाली पाठ फिरवून बसला होता; टोपी-उपरण्यात काही कमीजास्त झाले होते. सासरेबुवा दोनदा जाऊन आले, मेहुणा एकदा जाऊन आला, उपयोग शून्य. आमचा फोटोवाला गेला आणि म्हणाला, "जावईबापू, ह्या झाडाखाली ऊन मोठं छान पडलं आहे. एक फोटो तुमचा एकट्याचा घेऊ द्या." एकट्याचा घेतला. मग म्हणाला, "आता ताईंना बोलवा." ताई आल्या. मग पोरे आली, मेहुणा आला, शेवटी सासरेही त्या चौकटीत येऊन उभे राहिले, आणि मंडळी हसत हसत पंगतीकडे गेली. रुसव्याचा उच्चारही झाला नाही. वकिलास आणि पंचास जे साधले नसते ते साधावयास त्याला दहा मिनिटे लागली.

हाक कशी मारावी यालाही शास्त्र आहे. "ओ लाल शर्टवाले, बाजूला व्हा," असे म्हणणारे फोटोवाले मी पुष्कळ पाहिले. ज्याने मुलीच्या लग्नासाठी नवा शर्ट शिवला तो मनुष्य अशा हाकेने दिवसभर खट्टू होतो. काकाजी, मामाजी, मावशी, बापू ही आमच्याकडची संबोधने एवढ्यासाठीच आहेत. परक्या मनुष्यास क्षणात नात्यात ओढणारी. आणि हाक मारताना आवाज चढवू नये. हे मी मास्तरकीच्या अनुभवावरून सांगतो. वर्गात जो शिक्षक ओरडतो त्याचा वर्ग अधिक गलका करतो.

पूर्वी फोटोवाल्याच्या शब्दास आपोआप वजन असे. त्याचे कारण काही अंशी फिल्म हे होते. चौकोनी फोटोंच्या रुळात जेमतेम बारा फोटो निघत. म्हणून तो "थांबा" म्हणाला की सारा मांडव श्वास धरी. कॅमेराही असा, की वरून खाली पाहावे लागे. पोटाशी धरलेल्या याशिकावर मान लववून उभा असलेला फोटोवाला समोरच्या माणसास नमस्कार करीत असल्यासारखा दिसे. हल्लीचा कॅमेरा डोळ्याशी लावून नेम धरावा लागतो, आणि समोरचा मनुष्य थोडा तरी अवघडतोच. मुलांचा हट्ट फार झाला की जुने लोक रिकामाच फ्लॅश उडवीत आणि पोरे खूश होऊन पळत. मास्तर या नात्याने मी या लबाडीस दोष द्यावयास हवा, पण तेवढे मला साधत नाही.

आज फोटो हजारांनी निघतात आणि तेथेच एक विकृती शिरली आहे. अंतरपाट दूर झाला, मंगलाष्टके संपली, हार घातला गेला, तोच फोटोवाला म्हणतो, "पुन्हा एकदा हार घाला, बरोबर आला नाही." भटजी खोळंबतात, वधू संकोचते, आणि जो क्षण आयुष्यात एकदा यावयाचा तो तीन वेळा येतो. होमासमोर तंगडी टाकून उभे राहणे, वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात पाठ करणे, मे महिन्याच्या उकाड्यात वधूस पाऊण तास मान वळवावयास लावणे आणि पाण्याचा पेलाही न विचारणे, या साऱ्या गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. होमाई व्यारावाला या आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्या साडी नेसून, दिल्लीतल्या मोठमोठ्या समारंभांत कोणाच्या वाटेत न येता काम करीत. 1970 साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो पुन्हा धंद्यासाठी उचलला नाही. नव्या मंडळींची वागणूक आपल्याला सोसवेना, असे त्यांनी पुढे बोलून दाखविले होते. पुढे 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. राष्ट्रपतींसमोर जी रीत त्या पाळीत, ती एखाद्या शेतकऱ्याच्या मांडवात पाळावयास काय हरकत आहे?

परंतु फोटोवाल्याची खरी परीक्षा मांडवाच्या मध्यभागी होत नाही. ती होते कडेला. प्रत्येक लग्नात स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा खांबाआड एखादी बाई उभी असते. कित्येकदा ती वधूची आईच असते. नवरा गेलेला, म्हणून कन्यादानास दीर-जाऊ बसतात, आणि जिने पोरीला वाढविले ती दुरून पाहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांसंबंधीच्या या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव उत्तम आहे. पण ठराव मांडवापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो, आणि मुहूर्त तर आजचा असतो. अशा वेळी फोटोवाल्याने काय करावे?

तिला मोठ्याने हाक मारून चौरंगाजवळ बोलावणे हे दिसावयास धाडसाचे, परंतु तसे केल्यास सर्वांच्या नजरा तिच्यावर वळतात, कोणीतरी आत्याबाई तोंड उघडते, आणि त्या माउलीस मांडव सोडून आत जावे लागते. माझा विद्यार्थी निराळे करतो. विधी सुरू होण्यापूर्वी तो वधूस म्हणतो, "ताई, पदर जरा वाकडा दिसतो, आत जाऊन सारखा करून घ्या." आणि आईला म्हणतो, "मावशी, तुमच्या हातानं करा, म्हणजे टिकेल." आईचे दोन्ही हात पोरीच्या खांद्यावर जातात, पोर मान वर करून तिच्याकडे पाहते, आणि तेवढ्यात फोटो निघालेला असतो. पुढे घराण्याचा एकत्र फोटो काढताना तो म्हणतो, "उजेड तिकडे बरा आहे," आणि साऱ्या कुटुंबासच त्या खांबाकडे नेतो. कोणी विरोध करावयाचा? उजेडाशी कोणाचे वैर नसते. याला कोणी लबाडी म्हणेल. मी तरी तिला सद्बुद्धी म्हणतो.

आणि कॅमेरा खाली केव्हा ठेवावा हेही त्याला कळते. मुलीची पाठवणी झाल्यावर मांडवामागे एकटाच रडणारा बाप त्याला अनेकदा दिसला आहे. तो फोटो त्याने कधी काढलेला नाही. "तो त्यांचा आहे, माह्या नव्हे," इतकेच तो मला म्हणाला.

या धंद्यात मानापेक्षा उपेक्षाच अधिक. पहाटेच्या मांडवडहाळ्यापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत राबलेल्या या मनुष्यास जेवलास काय म्हणून विचारावयाचे यजमान विसरतात. शेवटच्या पंगतीत वरण संपलेले असते. विसार घेतलेला असतो, उरलेले पैसे मिळावयास अल्बम देऊनही चार खेपा होतात, आणि पाचव्या खेपेस "आमचे फोटो काळे आले" अशी तक्रार निघते. त्यावर त्याचे उत्तर ठरलेले आहे. मांडवाचे कापड केशरी असले म्हणजे भर दुपारी साऱ्यांचे चेहरे तांबूस-काळसर येतात. म्हणून तो आता आधीच सांगतो, काकाजी, बोहोल्यावर तरी पांढरे कापड घाला. भांडण होण्यापूर्वीच मिटविलेले बरे.

त्याच्या दुकानाच्या मागल्या खोलीत बिस्किटांचे जुने डबे रचून ठेवले आहेत. त्यांत त्याच्या वडिलांपासूनच्या निगेटिव्ह आहेत, वर्ष आणि गाव लिहून. हल्लीचे फोटो तो दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवून ठेवतो, कारण यंत्र केव्हा बिघडेल याचा नेम नाही. धंद्याच्या दृष्टीने त्या डब्यांचा उपयोग काय, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "सर, बसून ऐका." थोड्या वेळाने खेड्यावरचा एक गृहस्थ आला. डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले. दारातच चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या बुडीचा एखांदा फोटू हाये काय जी तुमच्यापाशी? पोरीच्या लग्नात आली होती." माझ्या विद्यार्थ्याने त्याला आधी बसावयास स्टूल दिले, पाणी दिले. मग लग्न कोणत्या साली झाले, मांडव कोणाच्या वाड्यात होता आणि म्हातारीचे लुगडे कोणत्या रंगाचे होते एवढे विचारून घेतले, आणि तो डबा काढावयास आत गेला.