लाल लघवी लपवू नका



आज सिकलसेल रोगाविषयी बोलू. आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट आणि माहूर हे डोंगरी तालुके आहेत. तेथील गोंड, कोलाम, आंध, प्रधान या लोकांत हा रोग आढळतो. पण तो कोणा एका जातीचा नव्हे. लातूरकडच्या मंडळींनीही तो समजून घ्यावा.

हा रोग शिवाशिवीने होत नाही. तो आईबापांकडून येतो. दोघांकडून दोष आला, तर मूल रोगी होते. एकाकडूनच आला, तर मूल 'वाहक' होते. वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो. तो शेतात राबतो, ऊस तोडतो. आपल्या रक्तात काही आहे, हे त्याला ठाऊकही नसते.

चांगली रक्तपेशी गोल आणि मऊ असते. या रोगात प्राणवायू कमी पडला, की ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. मग ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पाटाच्या चारीत काडीकचरा अडकावा, तसेच हे.

आता मूत्रपिंडे पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळून लघवी तयार करतात. त्यांच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी असतो. म्हणून पेशी तेथे लवकर वाकतात. वाहिन्या तुंबतात, आतला भाग थोडा मरतो आणि रक्त झिरपते. लघवी लाल होते. पुष्कळदा ती दुखतही नाही. आणि ध्यानात ठेवा, हे वाहकालाही होते.

अशा वेळी लोक काय करतात? कोणी म्हणतो, "उन्हाळी लागली," आणि सब्जाचे पाणी पितो. तरुण पोराला वाटते, लोक परमा म्हणतील. तो गप्प बसतो. बाईमाणसाला वाटते, पाळीचेच असेल. असे दिवस जातात. लाल लघवी मुतखड्याने होते, क्षयाने होते, क्वचित कर्करोगानेही होते. तपासल्यावाचून कळत नाही.

दुसरी गोष्ट. या रोग्याच्या मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही. लघवी फार होते, तहान फार लागते. मोठे मूलही अंथरूण ओले करते. त्याला मारू नका. वर्गात पोर पुन्हा पुन्हा लघवीला जायला विचारते. गुरुजींनी छडी उगारू नये. त्याला जाऊ द्यावे, पाणी पिऊ द्यावे. आपल्याकडचा उन्हाळा कडक. अशा पोराला पाण्यावाचून ठेवणे धोक्याचे.

मग काय करावे?

लघवी लाल दिसली, की त्याच दिवशी दवाखाना गाठा. सिकलसेलचे कार्ड असेल, तर डॉक्टरांना आधी दाखवा. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका. त्यांतल्या काही मूत्रपिंडाला इजा करतात. सिकलसेलच्या रोग्याने लघवी लाल नसली, तरी ती वेळोवेळी तपासून घ्यावी. लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर मूत्रपिंड बिघडू लागल्याची ती खूण असते. ती डोळ्यांना दिसत नाही, तपासणीत दिसते.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी होते. आरोग्य केंद्रात चौकशी करा. मोठ्या उपचारांसाठी नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. लग्न जुळवण्याआधीही रक्त तपासून घ्या. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची भीती चारांत एक असते.

रक्तातला दोष हा कोणाचा गुन्हा नव्हे. त्याची लाज कसली? लाल लघवी दिसली, तर घरात सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.