मोजमाप कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



नदीवर फेस दिसला की आपण मोर्चा काढतो. परंतु जे पाणी फेसाळत नाही, ते निर्दोष असते काय?

साबण आणि धुण्याची पावडर यांतील मळ काढणारे रेणू पाण्यात ऋण विद्युत्भार धारण करतात. त्यांच्या उलट, धन भार असलेले रेणूही सर्रास वापरात आहेत. फरशी पुसण्याच्या जंतुनाशकातील बेंझाल्कोनियम क्लोराइड हे त्यांपैकीच. कापडावरचा रंग पक्का करण्यासाठी आणि कापड मऊ करण्यासाठी प्रोसेसिंग कारखान्यांत याच जातीची द्रव्ये लागतात. जिवाणूंचे आवरण ऋणभारित असते. हे रेणू त्याला चिकटून ते फोडतात. १९३५ साली गेरहार्ड डोमाक यांनी हा गुण प्रकाशात आणला. परंतु हाच गुण नदीतील शेवाळाला आणि सूक्ष्म जलचरांना मारक ठरतो. त्यासाठी लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी मात्रा पुरते. ही द्रव्ये रोज हाताळणाऱ्या सफाई कामगारांना दमा जडू शकतो.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात ऋणभारी अपमार्जकांना लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. धनभारी द्रव्यांसाठी मात्र वेगळी मर्यादा नाही. जे मोजलेच जात नाही, त्याचा जाब कोण विचारणार?

मोजण्याचे साधन नाही, ही सबब खरी नाही. १९४७ साली एप्टन यांनी दिलेल्या अनुमापन पद्धतीत क्लोरोफॉर्म लागे. तो हाताळणाऱ्याच्या यकृताला अपायकारक. १९७० नंतर आयननिवडक इलेक्ट्रोड पुढे आले. पीव्हीसीच्या पातळ पटलात असा पदार्थ मिसळतात की नेमके हे धनभारी रेणूच पटलाशी देवघेव करतात. त्यातून विद्युत्दाब निर्माण होतो आणि तो मिलिव्होल्टमापकावर वाचता येतो. मात्रा दहापट वाढली की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने वाढतो. हा नेर्न्स्ट यांचा नियम. द्रावक नको, मोठे यंत्र नको.

अर्थात या साधनाच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. साबणाचे ऋणभारी रेणू पाण्यात असले तर ते धनभारी रेणूंशी जोडी जमवतात. इलेक्ट्रोडला केवळ मोकळे रेणू कळतात. हे रेणू बाटलीच्या काचेला आणि गाळालाही चिकटतात. विरळ झालेल्या नदीच्या पाण्यात, घातक असलेली मात्राही या साधनाच्या टप्प्याखाली राहू शकते. तेथे मोठ्या प्रयोगशाळेतील महागडे यंत्रच हवे. म्हणून या इलेक्ट्रोडची खरी जागा नदीकाठी नसून कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी आहे, जेथे मात्रा दाट असते.

आणि तेथेच आपल्याला प्रवेश नाही! १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने तेथे जाऊन नमुना घेण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिला, मजुराला वा मच्छीमाराला नाही. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत हा प्रश्न दारातच उभा आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. धनभारी द्रव्यांची मर्यादा ठरवा. सामुदायिक सांडपाणी केंद्रांत त्यांची नियमित मोजणी करा. नमुना घेताना कामगारांचा आणि नदीकाठच्या गावाचा प्रतिनिधी हजर ठेवा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मंडळाच्या नोंदी आपण आजही मागू शकतो. त्या कामाला उद्यापासूनच लागू या.

विज्ञानाने साधन दिले आहे. ते कोठे बुडवायचे, हे ठरविणे मात्र राजकारणाचे काम आहे, आणि ते आपले आहे.