हलकी रायफल आणि आपलं शिवार

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, आज जरा हिशोबाचा विषय आहे.

मी मूळचा मुरुमचा, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव. बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. पण गावाकडचे मेसेज रोज येतात, आणि सध्या त्यात एक प्रश्न वारंवार दिसतोय: "भाऊ, रात्री रानात पायी फिरावं लागतं. डुकरं हरभरा उकरून टाकतात. हलकी रायफल कोणती घ्यावी?" सोबत परदेशातल्या एखाद्या व्हिडिओची लिंक. त्यात एक माणूस अडीच किलोची, कार्बन फायबरची रायफल खांद्याला लावून डोंगर चढतोय.

प्रश्न टाळणार नाही. आधी वजनाचं बोलू, मग शिवाराचं.

पायी शिकारीचं गणित असं, की माणूस बंदूक आठ तास वाहतो आणि चालवतो दोन सेकंद. म्हणून ती हलकी हवी. चार किलोची वस्तू पट्ट्याने खांद्याला अडकवून दहा किलोमीटर चाला, मग कळेल. दमलेल्या माणसाचा हात थरथरतो आणि नेम चुकतो.

पण वजन फुकटात कमी होत नाही. बारावीचं फिजिक्स आठवा. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. चार किलोवरून तीन किलोवर आलात तर ती एक तृतीयांशाने वाढते. धक्क्याची भीती बसली की माणूस खटका दाबायच्या आधीच डोळे मिटतो. शिवाय हलकी नळी लवकर तापते, आणि हलकी बंदूक श्वासाबरोबर जास्त हलते.

म्हणूनच नेमबाजीच्या खेळात उलटं चालतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनला कांस्यपदक आणलं. त्या प्रकारात रायफल 8 किलोपर्यंत चालते. तिथे चालायचं नसतं, स्थिर राहायचं असतं, तेव्हा वजन मदतीला येतं. म्हणजे सगळ्यात चांगलं वजन असं काही नसतं, ते कामावर ठरतं.

आता हलक्या रायफलीची आपल्या देशातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. जिम कॉर्बेट. 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्यांना .275 रिग्बी ही रायफल भेट मिळाली. साधारण साडेतीन किलोची. त्यांच्याकडे मोठ्या जनावरांसाठी दुनळी जड रायफलही होती. पण 1930 मध्ये चौगडच्या वाघिणीशी गाठ पडली तेव्हा हातात हलकी .275 होती, आणि डाव्या हातात एका पक्ष्याची दोन अंडी! खडकाला वळसा घातला, मागे पाहिलं तर काही फुटांवर वाघीण बसलेली. कॉर्बेटनी एका हाताने, अगदी सावकाश, रायफल पाऊण वर्तुळात फिरवली आणि गोळी झाडली. नंतर त्यांनीच लिहिलं, की रायफल हलकी होती हे त्या दिवशी पथ्यावर पडलं. जड असती तर एका हाताने फिरलीच नसती.

ही गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल, आपणही तसली घ्यावी. इथेच थांबा. कॉर्बेट नरभक्षकाच्या मागे सरकारच्या सांगण्यावरून जात, आणि ते जंगल म्हणजे डोंगर. गोळी चुकली तर बहुतेक वेळा समोरच्या उतारात घुसणार. आपलं शिवार कसं आहे? बऱ्यापैकी सपाट. रायफलची गोळी तीन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. तेवढ्यात किती वस्त्या येतात, मोजा. रात्री कुणी मोटार चालू करायला निघालेला असतो, कुणी दारं धरत असतो, कुणी खळ्यावर झोपलेला असतो. ज्वारीत काहीतरी हललं, ते डुक्कर की माणूस? मोबाईलच्या टॉर्चमध्ये सांगता येत नाही. माझ्या मते रायफलचं वजन विचारण्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे: गोळी चुकली तर कुठे जाऊन थांबेल? सपाट रानात त्याला उत्तर नाही.

दुसरं, कायदा. हा भाग फॉरवर्ड करा, कारण यात खूप गोंधळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. छंदाची शिकार बंद आहे. काळवीट, मोर पहिल्या अनुसूचीत, तिथे किमान 3 वर्षं कैद. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत. आणि 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. फास लावणं, विष घालणं, नुसता प्रयत्न करणं, हेसुद्धा शिकारच. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली वन खातं लेखी परवानगी देऊ शकतं. लेखी, बरं का. सरपंचाने "मार रे" म्हटलं म्हणून चालत नाही.

शस्त्राचा कागद वेगळा. शस्त्र कायदा 1959 चा. त्यात पीक संरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती पुरेशी नसेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, म्हणजे छऱ्याच्या. रायफलचा नाही. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. दोन वेगवेगळे कागद, दोन वेगवेगळी कार्यालयं.

मग पोरं म्हणतात, "एअरगनला लायसन लागत नाही ना?" 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलच्या आतली असेल तर नाही लागत. पण आकडे बघा. कॉर्बेटच्या .275 ची ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास. तुमची वीस! दीडशे पट फरक. त्या छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर सकाळी खुरपायला आलेल्या बाईच्या अंगावर जाऊ शकतं. आणि गुन्हा तर झालाच.

माझे चुलते चाळीस वर्षं शेती करतात. त्यांना मी हा हिशोब ऐकवला. ते म्हणाले, "ते समदं खरं हाय बाबा, पण माझा हरभरा गेला त्याचं काय?" बरोबर आहे. रात्रभर जागून पीक जातं तेव्हा कायद्याची कलमं पोट भरत नाहीत. म्हणून करता येण्यासारखं सांगतो. नुकसान झालं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा, सातबारा जोडा, वन खात्याकडे भरपाईचा अर्ज द्या आणि पोच घ्या. त्रास सारखाच होत असेल तर कलम 11 च्या परवानगीचा अर्ज एकट्याने नको, शेजारच्या आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून करा. सौर कुंपण शक्य असेल तर बांधाला बांध लागून सामाईक करा, खर्च वाटला जातो. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. पण तारेत थेट लाईनचा करंट कधीच सोडू नका. त्याने माणसं मेली आहेत, आणि बहुतेक वेळा ती आपलीच असतात.

आणि ज्याला खरंच बंदुकीची आवड आहे, त्याने रायफल क्लब गाठावा. तिथे 10 मीटरवर एअर रायफल शिका. साडेपाच किलोपर्यंतची रायफल उभ्याने धरून साठ गोळ्या झाडून बघा. हात काय असतो आणि वजन काय असतं, ते तिथे कळतं, कुणाचा जीव धोक्यात न घालता.

तुमच्या गावात डुकरांवर काय उपाय चालला आणि काय फसला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातले निवडक ऐकवतो. तोवर रात्री रानात जाताना बॅटरी घ्या, जोडीला कुणीतरी घ्या, आणि घरी सांगून जा. भेटू!